बाईंनी काढायला लावलेलं पाणी

बाई सॉफ्टवेअरचं लायसन्स, म्हणजे ते वापरण्याच्या अटी, मोठ्याने वाचायच्या. पडद्यावर बोट ठेवून, एकेक ओळ, संथपणे. आम्ही बाकीचे तो मजकूर न वाचताच पुढे सरकणारे. बाईंच्या तोंडून मात्र तो गावाहून आलेल्या पत्रासारखा वाटायचा. खारघरच्या त्या फ्लॅटमध्ये दुपारी डोंगराकडची खिडकी उघडी असायची आणि त्यांचा आवाज ऐकता ऐकता माझे डोळे मिटायचे.

आम्ही पाच-सहा जण मिळून एक गेम इंजिन बनवत होतो. त्यावर कुणीही आपला गेम उभारावा, आतला कोड बघावा, बदलावा. सगळंच आम्ही लिहिलेलं नव्हतं. आवाजासाठी, अक्षरांसाठी, चित्रांसाठी जगभरच्या लोकांनी लिहिलेले कोडचे तुकडे आत बसवले होते आणि प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. त्या सांभाळायचं काम कुणालाच नको होतं. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या बाई कामोठ्याहून यायच्या आणि ते हौसेने करायच्या. कोणता तुकडा कुणाचा, कोणत्या अटीवर घेतला, याची यादी त्या ठेवत. परक्या नावातली एक वेलांटी चुकली तरी त्यांना चैन पडत नसे. "माणूस काही आपल्याला भेटणार नाही," त्या म्हणायच्या, "नाव तरी नीट लिहूया."

पाण्याचा तुकडा मी आणला होता, कुठल्याशा जुन्या वेबसाइटवरून. आमच्या इंजिनातली सगळी तळी, नद्या, समुद्र त्याच्यावरच हलायचे. त्या लाटांकडे बघत बसलं की वेळ कुठे गेला ते कळत नसे. नवी आवृत्ती निघायच्या तोंडावर बाईंच्या लक्षात आलं, की त्या तुकड्यासोबत लायसन्सच नाही. लेखकाने काही लिहून ठेवलं नसेल, तर परवानगी नाही असंच धरायचं, असं त्यांनी मला समजावलं आणि त्याचा पत्ता शोधायला लागल्या.

महिन्याभराने उत्तर आलं ते त्याच्या आईचं. दूरच्या देशातल्या एका तळ्याकाठी ती राहत होती. मुलगा वारला होता. त्याने पाणी लिहिलंय हे तिला ठाऊकच नव्हतं. त्या लाटांचा आम्ही पाठवलेला व्हिडिओ तिने कितीदा तरी पाहिला होता. पण इतक्यात ते कुणाला द्यावंसं वाटत नाही, असं तिने लिहिलं होतं.

मी म्हणाले, "बाई, आपण ठेवलं तरी तिला कळणारसुद्धा नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तिने नाही म्हटलंय गं," एवढंच बोलल्या.

मी तो तुकडा काढला. सगळी तळी निळ्या फरशीसारखी सपाट झाली. आवृत्ती लांबली, आमच्यातला एक जण वैतागून सोडून गेला. मी बाईंशी आठवडाभर धड बोलले नाही.

मग एका दुपारी त्या मला बेलापूरच्या खाडीवर घेऊन गेल्या. आम्ही नुसत्या बसलो. भरती येत होती. मातकट पाणी लाटांनी पुढे येत नव्हतं, तर झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं अख्खंच वर येत होतं. दूर बगळे उभे होते, की तरंगत होते, कळत नव्हतं. पुढचे दोन महिने आम्ही असंच जात राहिलो आणि घरी येऊन मी पाण्याचा नवा कोड लिहीत राहिले. माझं पाणी त्या मुलाच्या पाण्याइतकं देखणं झालं नाही. ते जरा जड आहे, गढूळ आहे. बाईंनी ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "कोणत्या अटीवर देतेस?" मी हसले, पण त्यांनी माझ्याकडून ते लिहून घेतलंच.

गेल्या वर्षी बाई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी कामोठ्याच्या घरी त्यांच्या मुलीने मला बाजूला बोलावलं. त्या परदेशातल्या बाईंना आई दर महिन्याला ईमेल लिहायची, म्हणाली. पावसाचं, गुडघ्यांचं, डाळीच्या आमटीचं. तिकडूनही उत्तर यायचं. "त्यांना कोण कळवणार?" तिने विचारलं.

मी कळवलं. बाई कशा वाचायच्या, खाडीवर कुठे बसायच्या, सगळं लिहिलं. शेवटी माझं नाव लिहिलं. पाण्याच्या परवानगीचा विषय मात्र मी काढला नाही.