दिवळीतली वाटी

माझी धाकटी जाऊ लंकाबाई हिच्याइतकी सरळ बाई आमच्या तिसगावच्या शिवारात दुसरी नसेल. हे मी कौतुकाने सांगत नाही. तिच्या सरळपणाचा मला फार राग यायचा, आजही येतो. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघी पोटुशी असताना खडी फोडायला जायचो. तिथे दुपारी सुकडी, म्हणजे भाजलेलं गोड पीठ, वाटायचे. वाटणारा माणूस तिचं पोट बघून एक मूठ जास्त टाकायचा, तर ही ती परत करायची. "माझी वाटनी झाली," म्हणायची. मी मात्र खुशाल पदर पुढे करायची.

पौषात आम्ही दोघी आठ दिवसांच्या अंतराने बाळंत झालो, आधी मी, मग ती. माझा मच्छिंद्र तिसरा, तिची मुलगी पहिली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिचं सगळं माहेर ऊसतोडीला गेलेलं, घराला कुलूप. मग एका घरात दोन बाळंतिणी. आमच्याकडे असं समजत की दोन बाळंतिणींनी सव्वा महिना एकमेकींचं तोंड बघू नये, नाहीतर एकीचं दूध दुसरीकडे जातं आणि पहिलीचं तुटतं. आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूने, आम्हाला दोन खोल्यांत ठेवलं. मधल्या मातीच्या भिंतीत आरपार दिवळी होती, एकाच चिमणीचा उजेड दोन्हीकडे पडावा म्हणून. तिच्यातही त्यांनी चिंध्या कोंबल्या.

रीतीप्रमाणे तीन दिवस लंकाचा चीक पिळून टाकला आणि पोरीला गुळाचं पाणी चाटवलं. चौथ्या दिवशी पाजायला घेतलं तर छाती दगड झालेली, पोरीला तोंडात धरता येईना. बोंडं चिरली, उजवीकडे गाठ धरली, ताप भरला. डावीकडे थेंब थेंब यायचा, तेवढ्यावर पोर तगून होती. पाजताना लंका कण्हायची ते मला भिंतीतून ऐकू यायचं. आत्याबाई एरंडाची पानं गरम करून बांधायच्या. त्या काही वाईट नव्हत्या, त्यांना माहीत होतं तेवढं त्या करत होत्या. बैल छावणीत, शेळ्या कधीच विकलेल्या, त्यामुळे पोरीला पाजायला वरचं दूधही नव्हतं. तिचा नवरा कानिफनाथ नर्सबाईंना आणायला चालत गेला, तर त्या दुसऱ्या गावांना गेलेल्या. तो तसाच परत आला आणि ओट्यावर बसून राहिला.

आणि मला दूध आवरत नव्हतं. भिंतीपलीकडे ती पोर रडली की इकडे माझा पान्हा फुटायचा, मच्छिंद्र झोपलेला असला तरी. चोळी भिजून गार पडायची. मी तोंडाची फटकळ, साऱ्या घराशी भांडणारी, पण आत्याबाईंपुढे मला एवढं म्हणवेना की पोर इकडे द्या.

तिच्या नवव्या दिवशी आत्याबाई पाण्याला गेलेल्या पाहून मी वाटीत दूध पिळलं, चिंध्या ओढून काढल्या आणि वाटी दिवळीत सरकवली.

"लंके, घे. कापसानं पाज तिला."

मग ती भिंत धरून उठल्याचं कळलं.

"आक्का, हे मच्छिंद्राचं हाय. त्याचं तुटंल."

"लई येतंय गं. भिजतीय मी नुसती."

"न्हाई आक्का. उद्या गाठ फुटंल म्हनत्यात आत्याबाई. मग माझं येईल की."

वाटी तशीच माझ्याकडे सरकली. मागून चिंध्या आल्या. या वेळी त्या तिने कोंबल्या.

खरं सांगते, वाटी परत आली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. खरंच तुटलं असतं तर, ही भीती माझ्याही पोटात होतीच. तिच्या दारापर्यंत पाच पावलं होती. मी उठून पोर उचलली असती आणि छातीला लावली असती, तर तापाने फणफणलेली ती मला काय अडवणार होती? मी उठले नाही. ते दूध भिंतीच्या कडेला ओतून दिलं.

गाठ फुटली, पण तेराव्या दिवशी. पोर अकराव्या दिवशी दुपारीच रडायची थांबली होती. मी इकडे वाट बघत बसले होते, आता रडेल, आता रडेल. चोळी कोरडीच राहिली.

सव्वा महिना झाला तशी लंका माझ्या दारात आली. आत आली नाही, मच्छिंद्राला हात लावला नाही. उंबऱ्यापाशी उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही मला बोलेल. मी ऐकून घेतलं असतं.

"आक्का, तुटलं न्हाई ना तुमचं?"

"न्हाई," मी म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि हंडा घेऊन पाण्याला गेली.