खिडकीबाई आणि सात तातडीची कामं

दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बावीस वर्षं बसणाऱ्या बाईंना सगळे खिडकीबाईच म्हणत. पेशंटला स्वतःचं वय आठवेपर्यंत बाईंनी त्याचं नाव-पत्ता लिहूनही टाकलेलं असे. पण गेलं वर्षभर कॉम्प्युटरने छळ मांडला होता. नाव टाकावं आणि पडद्यावर फिरणारं चाक बघत बसावं. रांग दारापर्यंत जाई आणि शिव्या बाईंना पडत. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

त्यात दवाखान्याच्या मोठ्या साहेबांचं पत्र आलं. एका पेशंटला अकरा मिनिटं लागतात, तेव्हा एक तारखेपासून बाईंनी तळघरात जुन्या फायली लावाव्यात. बाई मशीनची तक्रार घेऊन गेल्या, तर साहेब म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." बाईंना ते फार लागलं. दिवसभर माणसांशी बोलल्याशिवाय ज्यांना घास उतरत नाही, त्यांनी तळघरात करायचं काय?

महिना संपायला चार दिवस असताना दुरुस्तीवाला आला.

"मशीन ठीक आहे, ताई."

"मग मी बिघडलेय का?"

तो हसला आणि स्टूल ओढून समजावू लागला. मशीनच्या आत काम करणारी डोकी मोजकी, कामं ढीगभर. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे त्यांचा मुकादम. तो प्रत्येक कामाला क्षणभराची पाळी देतो. ज्या फॉर्मवर तुमचा हात आहे त्याला आधी, मागची कामं सवडीने. म्हणूनच बोट लावलं की उत्तर झटकन यायला हवं.

"मग माझा फॉर्म मागे कुणी ढकलला?"

त्याने यादी उघडली. फायलींच्या प्रती काढणं, व्हायरस शोधणं, महिन्याचे अहवाल, अशी सात कामं होती आणि सातही 'अतितातडीची'. साहेबांनीच प्रत्येक विभागाला विचारून तशी खूण करायला लावली होती. आपलं काम कमी महत्त्वाचं, असं कोण सांगणार? खिडकीला मात्र कुणी विचारलंच नव्हतं.

"सगळेच नवरदेव, मग वरातीत चालायचं कुणी?" बाई म्हणाल्या. "अहवालाला थांबवा. त्याचं काही पोट दुखत नाही."

"साहेबांना विचारावं लागेल."

"विचारा की. तोवर आजचा दिवस चालवून बघू."

त्याने सातही कामं खाली सरकवली. बाईंनी पुढच्या पेशंटचं नाव टाकलं. बोट उचलायच्या आत फॉर्म हजर! मग बाईंनी जो सपाटा लावला, तो बघायला शिपाईसुद्धा येऊन उभा राहिला.

साडेअकराला साहेब तरातरा खाली आले. "खिडकी बंद का केली?"

"उघडीच आहे. लोक संपले."

साहेबांनी रिकामी बाकं पाहिली. पडद्यावर नोंद होती, एका पेशंटला पन्नास सेकंद.

"आणि अहवाल?"

"होतायत. मी रिकामी, म्हणून मशीनही मोकळं आहे ना आता."

साहेब पुन्हा पडद्याकडे वाकले. मग हळूच म्हणाले, "तळघरात बघू दुसरं कुणीतरी."

 तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आत येताना दिसले.

"साहेब, जरा बाजूला व्हा," बाई म्हणाल्या. "मागे पेशंट उभा आहे."