दादाचं पेरू-बिस्कीट सादळलं नाही

दादा, अख्खा पावसाळा उलटला आणि ते अजून काळंच आहे!

हे मला तुला फोनवर ओरडून सांगायचं होतं. आज तुला जाऊन वर्ष झालं, म्हणून इथे ओरडते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दादा माझा मोठा भाऊ. काशीदला बीचकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं किराणा दुकान. माझी लेक मनवा सोलर सेलवर रिसर्च करते. तिच्या सेलमध्ये पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचा पातळ, काळपट थर असतो. ऊन प्यायला एकदम हुशार. शाईसारखा काचेवर पसरताही येतो.

फक्त दमट हवेशी त्याचं हाडवैर.

वाफ आत शिरली की त्याच्या स्फटिकांची बांधणी सुटते. काळ्याचं पिवळं होतं. सेल संपला.

"मग इथेच ठेव की," दादा मनवाला म्हणाला. "काशीदच्या हवेत टिकलं तर कुठेही टिकेल. नाव काय म्हणालीस? पेरू-बिस्कीट?"

"पेरोव्हस्काइट, दादा," मी म्हणाले.

"तू गप गं, कॉन्व्हेंट. बिस्कीटच ते. म्हणून तर सादळतं."

मला अलिबागला सिस्टरांच्या शाळेत घातलं, त्याला गावातल्या. साठी ओलांडली तरी मी त्याची 'कॉन्व्हेंट'च.

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर पहिला सेल दोन काचांमध्ये बंद करून दुकानाच्या छपरावर बसवला. दादाचं काम एवढंच: रोज सकाळी शिडी चढायची, रंग बघायचा, कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचा.

काळं. काळं. काळं.

नवव्या दिवशी पेन्सिल मोडेल इतकं दाबून लिहिलेलं: पिवळं.

मनवा धावत आली. तार जिथून बाहेर येते त्या कोपऱ्यातून पिवळा रंग आत पसरला होता. तिचे डोळे भरले. आणखी एकच प्रयत्न, तोही फसला तर विषय बदलायचा, असं तिने ठरवून टाकलं होतं.

दादाने काच उजेडात धरली. "बरणी कधी काचेतून सादळते का? झाकणातून सादळते."

"मामा, आम्हाला माहीत आहे ते!"

"माहीत आहे, मग झाकण सैल का?"

ती रडता रडता हसली.

दुसऱ्या सेलच्या कडांना तिने रबरासारखं सील दुप्पट रुंद लावलं. तारेभोवती तर दोनदा. श्रावणात तो छपरावर गेला.

खंडेनवमीला व्हिडिओ कॉल केला आणि मनवा किंचाळली. "मामा! पिवळं झालंय!"

दादाने दुकानातल्या तराजूची पूजा केली, तशी सेलचीही केली होती.

हळद लावली होती!

"पुसू का मग?"

"कोरड्या फडक्याने, मामा! कोरड्या!"

त्या दिवशी आम्ही किती हसलो.

दिवाळीनंतर एका सकाळी दादा दुकानातच गेला. हार्ट अटॅक.

आज वर्षश्राद्धाला काशीदला आले आणि दोन्ही वर्षांची कॅलेंडरं उतरवून बसले. गेल्या श्रावणापासून कालपर्यंत एकही चौकोन रिकामा नाही. दादाच्या अक्षरानंतर वहिनीचं बारीक, तिरकं अक्षर. 'ह्यांचं खूळ' म्हणणारी माझी वहिनी भर आषाढात छत्री धरून शिडी चढत होती.

दादा गेला तो दिवससुद्धा भरलेला. वहिनीच्या अक्षरात.

"वहिनी, त्या दिवशी वर कोण चढलं होतं?"

"हेच की, वन्सं. खाली आले, म्हणाले, काळंय गं, चहा टाक. लिहायचं तेवढं राहिलं. मग मी लिहिलं."

दुपारी मनवाने मीटर लावला. वीज पूर्वीपेक्षा थोडी कमी, पण येते! शिडीवरच नाचायला लागली. वहिनी खालून ओरडली, "आधी उतर, मग नाच!"

विषय बदलायचा नाही, दादा. विषय तोच.

आजचा चौकोन वहिनीने माझ्यापुढे धरला. मी माझ्या सिस्टरांनी घोटवलेल्या अक्षरात लिहिलं:

काळं.

झाकण घट्ट बसलंय रे. आता निवांत राहा.

तुझी,
कॉन्व्हेंट