मूठ बदललेला सुरा

नलूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा भाऊ चहात पोळी बुडवून खात होते. भाऊ म्हणजे माझे वडील. घरात लहानथोर सगळे त्यांना भाऊच म्हणतात. फोन अकोल्याहून आत्याच्या मुलीचा, मायाचा होता. आई झोपेतच गेली, एवढंच तिनं सांगितलं. मी भाऊंना सांगितलं. त्यांनी हातातली पोळी बशीत ठेवली, थोड्या वेळानं ती उचलून खाल्ली, आणि अकोल्याची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. वय नव्वदीकडे झुकलेलं, गुडघे गेलेले... त्यांना नेणं शक्य नव्हतं. मी एकटाच अमरावतीहून निघालो. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, की कितीतरी वर्षांत भाऊंनी अकोल्याच्या गाडीची चौकशी पहिल्यांदाच केली होती.

आत्या जठारपेठेत राहायची, जिना चढून गेल्यावर दोन खोल्या. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो आणि कामानिमित्त अकोल्याला जाणं व्हायचं. काम आटोपलं की तासभर तिच्याकडे. तिला वाचायला काहीही चालायचं; दिवाळी अंक, रविवारच्या पुरवण्या, किराणा बांधून आलेला कागदसुद्धा ती सरळ करून वाचायची आणि मग माझ्याकडे तक्रार करायची, की गोष्ट अर्धीच आहे, उरलेली कोणाच्या डाळीला गुंडाळून गेली कोण जाणे. निघताना ती नेमानं विचारायची, "भाऊचा गुडघा कसा आहे?" बाकी भाऊंबद्दल काही नाही. जसं काही तिचं नातं तेवढ्या गुडघ्याशीच उरलं होतं.

ती आमच्याकडे येत नसे असं नाही. लग्न, बारसं, आईचं आजारपण, सगळ्याला आली. पण आमच्या घरचं पाणी घेत नसे. येताना पितळेचा फिरकीचा तांब्या भरून आणायची आणि त्यातलंच प्यायची. माझ्या लग्नात मांडवभर पाहुण्यांसमोर तिनं तो तांब्या पिशवीतून काढला तेव्हा आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई काकुळतीला येऊन काही बोलली, तर आत्या हसत म्हणाली, "वहिनी, तुमच्या घरचं पानी कडू नाई. मलेच पचत नाई."

या सगळ्याच्या मुळाशी एक सुरा होता. माझे आजोबा, म्हणजे दादाजी, जंगल खात्यात रेंजर होते. परतवाड्याच्या बाजूला त्यांची बरीच नोकरी झाली. कुणी गोरा साहेब मायदेशी परत जाताना त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी हा सुरा घेतला होता. घरात त्याला शिकारी सुरा म्हणत, पण दादाजींनी त्यानं दोर आणि वेली कापण्यापलीकडे काही केल्याचं मी कधी ऐकलं नाही. घडी न होणारं सरळ पातं, सांबरशिंगाची मूठ आणि कातडी म्यान. निवृत्तीनंतर अचलपूरच्या घरात तो म्यानासकट खुंटीला अडकला आणि तिथंच राहिला. खंडेनवमीला खाली उतरायचा, हळदकुंकू लावून पुन्हा वर जायचा. उगाच उपसलेलं हत्यार दादाजींना आवडत नसे, म्हणून कोणी तो म्यानातून काढत नसे. परिणाम असा, की घरातल्या सगळ्यांना तो सुरा ओळखू यायचा तो मुठीच्या टोकावरून. पातं कसं आहे ते कोणी धड पाहिलेलंच नव्हतं.

दादाजींच्या शेवटच्या आजारात आत्या अचलपूरला येऊन राहिली. त्या दिवसांत कधीतरी कोहळं चिरता चिरेना, तेव्हा दादाजींनी पडल्यापडल्या खुंटीकडे बोट दाखवलं आणि सुरा तिला देऊन टाकला. हे तिचं सांगणं. त्या वेळी खोलीत तिसरं कोणी नव्हतं. ती सुरा तेवढा अकोल्याला घेऊन गेली, म्यान खुंटीलाच राहिलं. त्याच उन्हाळ्यात सुरा फरशीवर पडला आणि वाळून गेलेलं शिंग उभं फुटलं. आत्यानं बाभळीची मूठ बसवून घेतली. दादाजी गेल्यावर घर आवरायला काढलं, तेव्हा भाऊंना रिकामं म्यान दिसलं. विचारणा झाली. आत्यानं पुढच्या खेपेला सुरा आणून समोर ठेवला. भाऊंनी तो म्यानात घालून पाहिला तर थोडा अलीकडेच अडकला, शेवटपर्यंत गेलाच नाही. मी तेव्हा नागपूरला शिकत होतो; भाऊ काय म्हणाले ते मला पुढे आईनं सांगितलं. "हा तो नाई. हा भाजी चिरायचा आहे. खरा तुया नवऱ्यानं इकला."

आतोबा कापसाच्या एका जिनिंगमध्ये मुनीम होते. कोणाच्या अध्यात ना मध्यात. ते शेवटपर्यंत या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. आत्याही बोलली नाही. ती फक्त तांब्या घेऊन येऊ लागली, आणि भाऊबीजेला येणं तिनं बंद केलं.

सुरा मात्र तिनं रोज वापरला. त्यानं ती गूळ फोडायची, कोहळं चिरायची, पोत्याची शिवण उसवायची. मी समोर बसलेला असताना कितीदा तरी तिनं तो हातात घेतला असेल. त्याकडे पाहावं की पाहू नये हे मला कधी ठरवता आलं नाही. एकदाच तिनं ते ओळखलं. म्हणाली, "पाय ना. पाहाले पैसे पडत नाई." मी पाहिला. मला त्यातलं काही कळत नव्हतं. परत दिला.

तेरवीनंतर मायानं तो जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. आईनं काही सांगून ठेवलं होतं का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. "मामांना दाखव. बाबांवर आलेलं ते तेवढं जाऊ दे... नाहीच गेलं तर गूळ फोड त्यानं. आमच्याकडे आता पावडर येते."

मी पुस्तकांतला माणूस. प्रथम पुस्तकांत शोधलं, मग ओळखीतून नागपूरचे एक गृहस्थ सापडले, जुनी हत्यारं जमवणारे. त्यांना फोटो पाठवले. पात्यावरचा शिक्का झिजून दोन अक्षरांपुरता उरला होता. त्यावरून आणि पात्याच्या घडणीवरून सुरा विलायती आणि जुना आहे, असं ते म्हणाले. मूठ मात्र नंतरची, जाड आणि गावठी, संग्रहाच्या दृष्टीनं खराबच केला म्हणायचा. मी म्यानाबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली. या जातीच्या सुऱ्यांचं म्यान अर्धी मूठही पोटात घेतं. ते मुठीच्या मापानं शिवलेलं असतं. मूठ जाड झाली की सुरा तोंडाशीच अडकणार; त्यावरून पात्याबद्दल काहीच ठरत नाही. मूठ काढा आणि नुसतं पातं घालून पाहा, म्हणाले.

त्या सुऱ्यात दादाजींचं काय असेल ते पात्यात होतं. आत्याचं जे होतं ते मुठीत. इतक्या वर्षांच्या तेलातुपानं आणि घामानं ती काळी, गुळगुळीत झाली होती. तिचा शब्द खरा करायचा तर तिचीच वस्तू तोडायची... आठ-दहा दिवस सुरा माझ्या टेबलावर तसाच पडून होता. शेवटी मी जे कळलं ते भाऊंना सांगून टाकलं.

ऐकून झाल्यावर ते काठी टेकत कपाटापाशी गेले आणि धोतरांच्या घडीखालून म्यान काढलं. त्यांनी ते जपून ठेवलं असेल, हे मला माहीत नव्हतं. सुरा घातला. मूठ तोंडाशीच अडकली. "काढ ते मूठ," भाऊ म्हणाले.

मूठ लाखेनं बसवलेली होती. पातं ओल्या फडक्यात धरून मी मुठीजवळचा भाग गॅसवर जपून तापवला. लाख मऊ झाली, वास सुटला आणि मूठ हलकेच निघून आली. ती मी वर्तमानपत्रावर ठेवली. पातं निवल्यावर भाऊंनी ते माझ्याकडून मागून घेतलं आणि स्वतः म्यानात सरकवलं. ते आत गेलं आणि तळाला टेकलं. टोक, पोट, पाठ, कुठं ढिलं नाही की घट्ट नाही. कातड्यानं जुनी ओळख धरून ठेवली होती. भाऊंनी बाहेर काढलं, पुन्हा घातलं. असं काही वेळा केलं.

मग म्हणाले, "ती म्हनत होती तवा, मूठ काढून पाय. मीच म्हनलं, काई गरज नाई."

हे आईला ठाऊक नसावं. निदान तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी मायाला फोन लावायला सांगितला. तिनं उचलल्यावर इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाले, "माया, तुया बाबानं सुरा इकला नव्हता. नलूनं सांगतलं ते खरं होतं." फोन त्यांनी माझ्याकडे दिला. म्यानाचं आणि मुठीचं सगळं मी मायाला सांगितलं.

भाऊ वर्तमानपत्रावरच्या मुठीकडे पाहत होते. माझा फोन संपल्यावर म्हणाले, "हे बसव परत."

मी म्हणालो, "मग तो म्यानात जाणार नाही, भाऊ."

"नाई जाईन तं नाई जाईन. सुरा नलूचा आहे."

नवी लाख आणून मी मूठ बसवली. ती किंचित तिरपी बसली आहे. सुरा आता आमच्या ओट्यावर असतो आणि चिरताना मनगट थोडं वळवून धरावं लागतं, अशी बायकोची तक्रार आहे. पुन्हा काढून सरळ बसवता येईल, पण मी मुठीला हात लावलेला नाही.