चित्रातलं दार

"हिच्या घराला दार नाही," सर म्हणाले आणि माझा कागद सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "खिडकी नाही. माणसाला हात नाहीत. मन पूर्ण बंद आहे. बुद्धीही बेताचीच."

समोर कॉलेजची सात-आठ पोरं-पोरी वहीत लिहून घेत होती. एकीने तोंडावर रुमाल धरला, पण हसू रुमालात मावलं नाही. मी तिथेच उभी होते. दहा वर्षांची. मला ऐकू येतं हे बहुतेक त्यांच्या लक्षातच नव्हतं.

साल ब्याऐंशी-त्र्याऐंशी असेल. धुळ्याचं मुलींचं बालगृह. माय गेल्यावर मामाने मला आणि माझ्या सात वर्षांच्या बहिणीला तिथे आणून सोडलं होतं. दर गुरुवारी कॉलेजातले मानसशास्त्राचे सर त्यांचे विद्यार्थी घेऊन यायचे. कोरा कागद द्यायचे आणि सांगायचे, घर काढ, झाड काढ, माणूस काढ. त्यावरून मुलीचं मन कळतं म्हणे.

मी माझं घर काढलं. यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमची झोपडी होती. तिला दार नव्हतं, तुराट्यांची ताटी होती. सकाळ झाली की माय ती काढून अंगणात टाकायची आणि तिच्यावर मोहाची फुलं वाळत घालायची. मी दिवसाचं घर काढलं होतं. दिवसा आमचं घर उघडंच असायचं. माणूस म्हणून मायच काढली, डोक्यावर मोळी घेतलेली. दोन्ही हात मोळीला धरलेले, म्हणून ते मोळीतच गेले. सरांना ती मोळी केस वाटली. विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं नाही.

त्या रात्री जेवताना स्वयंपाकाच्या अक्का माझ्याजवळ बसल्या. त्यांनी ऑफिसात ऐकलं होतं. मला मतिमंद ठरवून जळगावच्या संस्थेत पाठवायचं चाललं होतं. बहीण इथेच राहणार होती. अक्का हळूच म्हणाल्या, "पोरी, त्यासले दार पाहिजे ना, काढी दे. बहीण तुन्हा जोडे राही."

पुढच्या वेळी मी शेजारच्या मुलीच्या कागदात बघून काढलं. उतरतं कौलारू छप्पर, दोन झडपांचं दार, दोन खिडक्या, बाजूला नारळाचं झाड. नारळाचं झाड मी तोवर पाहिलंही नव्हतं. माणसाला दहा बोटं काढली, मोजून. सर खूष झाले. जळगावचं पाठवणं थांबलं. बहीण माझ्या शेजारी झोपत राहिली आणि मी खोटं काढायला शिकले.

मग पाहुण्यांचा दिवस आला. गावातले मोठे लोक खुर्च्यांवर, आम्ही सतरंजीवर. फळ्याला टाचण्यांनी माझी दोन्ही चित्रं लावलेली. सर बोलायला उठले. तीन महिन्यांच्या समुपदेशनाने एका बंद मनाचं दार कसं उघडलं, ते त्यांनी छडी फिरवून दाखवलं. त्या तीन महिन्यांत सर माझ्याशी दोनदा बोलले होते. एकदा म्हणाले, पेन्सिल नीट धर. दुसऱ्यांदा म्हणाले, नाक पूस.

अधीक्षिका बाईंनी माझ्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं होतं. सरांनी माझं मन उघडलं, मी त्यांची ऋणी आहे. तेवढंच म्हणायचं आणि खाली बसायचं.

मी पुढे गेले. फळ्याजवळ उभी राहिले तेव्हा पहिलं चित्र जवळून दिसलं. माझ्या मायभोवती लाल पेन्सिलीचा गोल. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, विकृती. मला वाचता येत होतं. हेही कुणी विचारलं नव्हतं.

पाठ केलेलं वाक्य मी म्हटलंच नाही. तोंडातून घरची बोली आली. "हाई मन्ही माय शे. तिना हात मोळीले शेतस. आमना घरले ताटी शे. ते दार खोटं शे. ते मी दुसरीनं पाहीसन काढं."

एका पाहुण्याने विचारलं, "काय म्हणतेय ही?"

सर हसले. म्हणाले, "मध्येच असा आजार उलटतो कधी कधी."

सतरंजीवरून माझी बहीण माझ्याकडे बघत होती. तिला काही कळलं नव्हतं. मला सगळं कळलं होतं. दहाव्या वर्षी मला कळलं की आपली माय त्यांच्या हातातल्या लाल पेन्सिलीपुढे काहीच नसते, आणि तरी ती आपली माय असते.

आठव्या दिवशी मला जळगावच्या बसमध्ये बसवलं. बहीण फाटकाचे गज धरून उभी होती. पारोळा येईपर्यंत मी रडले नाही.

दोन वर्षं मी तिथे मतिमंद होते. पुडीचा कागद वाचताना एका बाईंनी मला पकडलं, तेव्हा शहाणी झाले. शाळेत घातलं. तोवर मामा बहिणीला घेऊन गेला होता. ती मला सापडली त्याला पुढे सात वर्षं लागली. यावलजवळच्या केळीच्या बागेत घड वाहत होती. तिचं पोर कडेला बांधावर झोपवलेलं. सोळा वर्षांची असेल. तिने मला ओळखलं, घड खाली ठेवला आणि एकच विचारलं.

"तू गप का नही राहिनी?"

मी तिची माफी मागितली. ती घड उचलून निघून गेली. अजूनही ती माझ्याशी धड बोलत नाही, आणि तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

आता मी अशाच एका बालगृहात काळजीवाहक आहे. नवे सर येतात, नव्या ताई येतात. कोरा कागद तोच, घर काढ, झाड काढ. मी पोरीच्या मागे उभी राहते. हे काय काढलंस, हे तिला विचारल्याशिवाय एक अक्षर लिहू देत नाही. लिहिलंच तर ते तिला वाचून दाखवायला लावते. माझ्यावर तक्रारी गेल्या आहेत. बाई उद्धट आहे, कामात ढवळाढवळ करते. खरं आहे.

बहिणीची माफी मी मरेपर्यंत मागेन. पण त्या दिवशी बोलले ते परत घेणार नाही. कुणाच्याही मायभोवती लाल गोल दिसला, तर मी पुन्हा बोलेन.