हेमांगीला नोकरी लागेपर्यंत

कोलशेतच्या खाडीकाठी मी सकाळी फिरायला जातो, तेवढीच धाकूची ओळख. साठी उलटलेला कोळी, जाळं दुरुस्त करताना सहसा मान वर न करणारा. त्याच्याबद्दल लिहिण्याइतकं मला कळलंय की नाही, सांगता येत नाही.

मधे कुठल्याशा कारखान्याचं पाणी खाडीत आलं आणि बोई माशाला रॉकेलसारखा वास यायला लागला. धाकूच्या घरात खाडीची मासळी शिजणं बंद झालं. विकणं बंद झालं नाही. त्याची बायको चंद्रभागा वास जावा म्हणून मासळी मिठाच्या पाण्यात घोळून नव्या टॉवरच्या फाटकाशी पाटी मांडायची.

"घरात खात नाही ते लोकांना कसं देता?" एकदा मी चाचरत विचारलं.

तो चिडला नाही. "होडी ढकलताना मीच मना इचारतो, काका. मग हेमांगीला डोल्यांपुढं आनतो. पोरगी नर्सिंगला हाय. तिला नोकरी लागली का खाडीत पाय नाय घालनार. येवढं बोललं का हातात जोर येतो."

हे तो खरंच मोठ्यानं बोलायचा. वास जास्त असला की हेमांगीचं नाव जास्त वेळा यायचं. काठावरची पोरं नक्कल करायची.

यंदा हेमांगीला ठाण्यातल्या एका इस्पितळात नोकरी लागली. पेढे घेऊन ती काठावर आली. मलाही एक दिला.

"बाबा, आता पुरे," ती म्हणाली. "वॉर्डात पोट धरून कुणी आलं ना, की मला आधी विचारावंसं वाटतं, मासळी कुठून घेतली? आणि विचारायची भीती वाटते."

"दर्शनचं लगीन व्हायचंय अजून," धाकू जाळ्याकडे बघत म्हणाला.

"दादाला पगार आहे. तो तुझ्याकडे काही मागत नाही."

शेजारी पाटी भरत बसलेली चंद्रभागा हसली. "पोरं संपली का शेजाऱ्यांची घेल गो. याला कारन गावतंच."

"बाबा, माझं नाव घेऊन विकलीस ना मासळी इतके दिवस?" हेमांगीचा आवाज चढला. "मला विचारलं होतंस?"

पेढा धाकूच्या हातात तसाच मऊ होत राहिला. मला तिथं उभं राहणं बरं वाटेना, मी निघालो.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तो होडी ढकलत होता. या वेळी त्यानं कुणाचंच नाव घेतलं नाही. होडी पाण्यात गेली. चंद्रभागा काठावर पाटी खरवडून धूत होती.