सुजलेला घोटा

सिटी सेंटर भागात मी कथक शिकवते, त्या वर्गात काल एका मुलीनं मुरगळलेल्या घोट्याला बाम लावला. त्या वासानं मला शिंदे की छावनी या जुन्या वस्तीतलं आमचं घर आठवलं. तेव्हा मी विद्यापीठात कथकची पदवी करत होते. “नाचून पोट भरतं का?” असं विचारणारे बाबा प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी माझा सुजलेला पाय मांडीवर घेऊन चोळत होते.

“बाबा, यंदा परीक्षा सोडून देऊ?”

“एवढं भांडून प्रवेश घेतलास, आता सोडतेस कशाला? उद्या मी नेतो तुला,” ते मान खाली घालूनच म्हणाले.

परीक्षा छान झाली. बाबांना माझं म्हणणं पटलं, असं तेव्हा वाटलं होतं. आता माझी मुलगी नाटक शिकायला घर सोडून निघालीय, आणि मला कळतंय, त्यांना काहीच पटलं नव्हतं. माझं पुढे कसं होणार ही भीती तशीच असूनही त्यांनी त्या सकाळी स्कूटर काढली होती.